सदर मुलीची ओळख पटत नाही

ज्या मुलीला मी तीन वर्षं इंग्रजी शिकवलं, तिला मी दहावीच्या परीक्षेच्या हॉलमधून ‘ही ती नव्हे’ असं सांगून बाहेर काढलं. नुसतं तोंडी नाही, लेखी दिलं. खाली सही केली आणि सहीखाली, कोणी विचारलं नसताना, एम. ए., बी. एड. असंही लिहिलं.

धुळ्याला देवपुरातल्या एका शाळेत मी इंग्रजीचा मास्तर होतो. बायको जळगावजवळ असोद्याला मराठी शाळेत मास्तरीण. खासगी शाळेची नोकरी इकडून तिकडे उचलून नेता येत नाही, म्हणून मी देवपुरात एका खोलीत एकटा आणि ती असोद्याला मुलासह. शनिवारी दुपारी शाळा सुटली की पारोळा, एरंडोल करत एसटीने तीन तास जायचं आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत यायचं. असोद्यात मला कोणी नावाने ओळखत नसे. ‘मास्तरीणबाईंकडे शनिवारी येतात ना, ते’ एवढीच माझी ओळख. देवपुरात ती त्याहून कमी होती. खाणावळीतून डबा यायचा त्यावर आठ नंबर रंगवलेला होता. एकदा झाकण बदललं आणि चार दिवस मी अकरा नंबरवाल्याची पथ्याची मूग डाळ खाल्ली. तक्रार केली नाही, कारण तक्रार करताना ‘मी कोण’ हे आधी सांगावं लागलं असतं.

एकट्या माणसाला काहीतरी छंद लागतो. मला क्रियापदांचा लागला. संध्याकाळी खोलीवर आलो की शब्दकोश उघडायचा, एक क्रियापद पकडायचं आणि त्याचे सगळे अर्थ वहीत मांडायचे. दुसऱ्या दिवशी ते फळ्यावर. पोरांना पास होण्यापुरतं इंग्रजी हवं होतं आणि मी त्यांना क्रियापदाची सात पिढ्यांची वंशावळ देत होतो.

त्यातलं माझं सगळ्यात लाडकं क्रियापद ‘रेकग्नाइज’. फळ्याचे मी चार उभे भाग करायचो. पहिला अर्थ ओळखणे, म्हणजे आधी पाहिलेलं पुन्हा समोर आल्यावर ‘हे तेच’ असं कळणे. दुसरा, मान्य करणे, कबूल करणे. आपली चूक आपल्याला कळली की तिथेही हेच क्रियापद. तिसरा, मान्यता देणे, जशी सरकार शाळेला देतं. चौथा, एखाद्याच्या कामाची दखल घेणे. मग मी पोरांना आवर्जून सांगायचो की पहिल्यांदाच भेटलेल्या माणसाला ‘रेकग्नाइज’ करता येत नाही. आधी त्याला नीट पाहिलेलं असावं लागतं. हे वाक्य मी दर वर्षी दोन-तीनदा म्हणायचो आणि म्हणताना तोंड फळ्याकडे असायचं.

एका पोराने या क्रियापदाचं वाक्य केलं, ‘माझी म्हैस मला ओळखते.’ मी ते चूक दिलं. हे क्रियापद फक्त माणसांसाठी असतं, असं माझ्या मनाने ठरवून टाकलं. पोरगं उभं राहिलं.

“सर, आमनी म्हैस माले वळखस.”

“इंग्रजीत नाही ओळखत,” मी म्हणालो.

“तुमले नही वळखस, सर. माले वळखस,” ते म्हणालं, आणि वर्ग पाच मिनिटं हसत होता. संध्याकाळी शब्दकोशात पाहिलं तर कुत्री, पक्षी सगळे ओळखत होते. पोराचा मार्क मी वाढवला नाही. हसलेल्या वर्गासमोर मार्क वाढवायला जे धैर्य लागतं ते माझ्याकडे नव्हतं. हे लक्षात ठेवा. पुढे मी याहून मोठ्या ठिकाणीही तसाच वागलो.

आता माझी हजेरी घेण्याची पद्धत सांगतो, कारण सगळं पाणी तिथेच मुरलंय. वर्गात सत्तरच्या वर पोरं. नावं पुकारत बसलं तर दहा मिनिटं जातात, म्हणून मी नंबर पुकारायचो. मान हजेरीपटात, पेन हातात. एक, दोन, तीन, आणि समोरून ‘यस सर, यस सर’ अशी गाडी. तीन मिनिटांत काम. मुख्याध्यापकांनी एकदा सगळ्या शिक्षकांसमोर या वेगाचं कौतुक केलं होतं. सहामाही, वार्षिक, वह्या तपासणं, सगळं नंबरावर. अक्षर पाहून मी अंधारातही सांगितलं असतं की ही वही कोणाची. चेहरा मात्र समोरच्या दोन बाकांपलीकडे मला माहीत नव्हता.

विमल सातव्या बाकावर बसायची. शाळेत उशिरा घातलेली, त्यामुळे वर्गातल्या मुलींहून दोन वर्षांनी मोठी. मार्चच्या परीक्षेत तिचे सगळे विषय सुटले, इंग्रजी राहिलं. म्हणजे नापास ती आणि मी, दोघंही. निकालानंतर जूनमध्येच तिचं लग्न झालं, सोनगीरला दिली. सासरच्यांनी एक कबूल केलं होतं: ऑक्टोबरला इंग्रजीचा पेपर द्यायचा, सुटला तर नर्सिंगच्या कोर्सला अर्ज करायचा, नाही सुटला तर पुन्हा विषय काढायचा नाही. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त एवढं माहीत होतं की दहावी ब-चे नऊ जण इंग्रजीत उडाले आणि तरी माझी वेतनवाढ कोणी रोखली नाही.

ऑक्टोबरच्या परीक्षेचं केंद्र आमचीच शाळा. केंद्रसंचालक दुसऱ्या शाळेचे, वयस्कर, सगळे त्यांना नाना म्हणत. त्या आठवड्यात आधी एक प्रकार घडला. भूमितीच्या पेपरला मी पर्यवेक्षक होतो. एका पोराबद्दल नानांना शंका आली. “हा तुमचा का?” त्यांनी मला विचारलं. मी उदारपणे म्हणालो, “हो हो, आपलाच.” तासाभराने कळलं की तो आपला नसून आपल्याचा मोठा भाऊ होता. खरा उमेदवार शाळेसमोरच्या चहाच्या टपरीवर टोपी कपाळावर ओढून बसला होता आणि भावाचा पेपर कसा जातोय याची काळजी करत होता. नानांनी मला ऑफिसात उभं करून जे सुनावलं त्यात एक वाक्य असं होतं, “मास्तर, मान हलवायच्या आधी डोळे उघडत जा.”

इंग्रजीच्या दिवशी मी पर्यवेक्षक नव्हतो. ज्याचा विषय त्याला त्या दिवशी हॉलमध्ये ठेवत नाहीत. मी शिक्षकांच्या खोलीत चहा घेत बसलो होतो. पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला असेल. एक तरुण व्हरांड्यात आला, हातात पेन, आणि दारातल्या पर्यवेक्षकाला म्हणाला, “मास्तर, हाऊ पेन आमनी सुनंदाले द्या ना. गाडीमा राही गया व्हता.”

पर्यवेक्षक बाहेरगावचा. त्याने हॉलमध्ये विचारलं, “सुनंदा कोण?” मागच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. तो तिच्याजवळ गेला तर बाकावरच्या प्रवेशपत्रावर नाव विमल.

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहितात आणि त्या संध्याकाळपासून ती त्या नावाची. कागदावर मात्र जुनीच राहते. हे त्या पर्यवेक्षकाला माहीत होतं, नानांना माहीत होतं, मलाही. माझ्या बायकोचं नाव मीच बदललंय. पण आठवडाच असा होता की प्रत्येकाला प्रत्येक बाकावर तोतया दिसत होता. त्यात प्रवेशपत्रावरच्या फोटोत दोन वेण्या, गुबगुबीत गाल; आणि समोर हिरव्या बांगड्या, डोक्यावर पदर, गालफडं बसलेली बाई. लग्नानंतर तिला टायफॉइड झाला होता. वेण्या राहिल्याच नव्हत्या.

नानांनी मला बोलावलं. तिची वर्गशिक्षिका उन्हाळ्यात निवृत्त झालेली, मुख्याध्यापक बोर्डाच्या कामाला पुण्याला, तिला शिकवणारे बाकीचे शिक्षक दुसऱ्या केंद्रांवर, आणि पोरांच्या शब्दावर त्या आठवड्यात कोणाचा विश्वास नव्हता. म्हणजे ओळख पटवायला शाळेत उरला मी.

“सर, हिला ओळखता?” नानांनी विचारलं.

ती माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर, मला आजही आठवतं, सुटल्यासारखा भाव होता. आपला माणूस आला, असा.

“सर, मी विमल. दहावी ब.”

मी फोटो पाहिला. तिला पाहिलं. पुन्हा फोटो पाहिला. दोन्ही चेहरे मला सारखेच नवीन होते. पण तसं सांगायचं म्हणजे तीन वर्षं शिकवून आपल्याला विद्यार्थिनी ठाऊक नाही असं नानांसमोर कबूल करायचं. त्यापेक्षा मला एक नामी युक्ती सुचली. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या नामी युक्त्यांची ही आजी.

मी म्हणालो, “माझी विद्यार्थिनी असशील तर ‘रेकग्नाइज’चे अर्थ सांग.”

“ओळखणे,” ती म्हणाली.

“आणखी?”

तिचे ओठ हलले. दारात तिचा नवरा पेन घेऊन उभा, नाना घड्याळ बघतायत, आजूबाजूची पोरं पेपर सोडून तमाशा बघतायत. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“सर, मी... तुम्ही फळ्यावर चार रकाने...”

“रकाने कोणीही सांगेल. अर्थ सांग.”

तिला आला नाही. मी नानांकडे वळलो आणि पूर्ण आत्मविश्वासाने म्हणालो, “माझ्या विद्यार्थ्याला चारही अर्थ आले असते.” इंग्रजीतच नापास झाली म्हणून ती परीक्षेला आलीय, हे माझ्या लक्षात आलं नाही.

नानांनी कागद पुढे केला. मी लिहिलं, ‘सदर मुलीची ओळख पटत नाही.’ नाना तसे मऊ मनाचे. म्हणाले, “पोलिसात देत नाही, बाई. जा घरी.” ती गेली. रडली नाही. जाताना माझ्या बाजूने गेली आणि मी बाजूला सरकून वाट दिली.

मी पुन्हा चहाकडे आलो. तो गार झाला होता, दुसरा मागवला. बारा वाजून गेल्यावर नानांनी अहवालाची पाकिटं भरायला मदतीला बोलावलं. त्यात तिची अर्धवट उत्तरपत्रिका होती. अर्धं पान लिहिलेलं. मी सहज नजर टाकली आणि हातातलं पाकीट खाली ठेवलं.

तीन वर्षं मी एका वहीवर लाल शाईने लिहीत होतो, ‘छोट्या आयवर टिंब द्यावे, गोळा देऊ नये.’ या अर्ध्या पानावर प्रत्येक आयच्या डोक्यावर बांगडीएवढा गोल गोळा होता. कॅपिटल आर खुर्चीसारखा. ते अक्षर मी हजारांत ओळखलं असतं.

“नाना, ती विमलच आहे!”

“कोण?”

“जिला घालवली ती!”

नानांनी घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, “दोनपर्यंत पेपर आहे. आणा. मी बसवतो.”

मी सायकल काढली. देवपुरातल्या थांब्यावर कोणी नव्हतं. पांझरेच्या पुलावरून बस स्टँडवर आलो. सोनगीरकडची गाडी लागायची होती. फलाटावर दिवाळीच्या बाजाराला आलेली गर्दी, आणि त्यात पंधरा-वीस बाया, सगळ्यांच्या डोक्यावर पदर, सगळ्यांच्या हातात हिरव्या बांगड्या. तासाभरापूर्वी हातभर अंतरावरून पाहिलेला चेहरा मला आठवेना. तिच्या साडीचा रंग आठवेना. नवऱ्याचा तर मी फक्त पेनच पाहिला होता. मी ‘विमल! विमल!’ करत फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनदा फिरलो. एका म्हातारीने विचारलं, “पोर हरवनी का, भाऊ?” मी हो म्हणालो. गाडी आली, भरली, गेली. पाऊण वाजला, एक वाजला. मी रिकाम्या फलाटावर सायकल धरून उभा होतो.

परत आल्यावर नाना म्हणाले, “आता एकच रस्ता. बोर्डाला लिहून द्या की तुमची चूक झाली. कदाचित तिला मार्चला बसू देतील, शिक्षा लावणार नाहीत. पण मास्तर, मग तुमची चौकशी होईल. भूमितीचं प्रकरणही निघेल.”

“लिहितो,” मी म्हणालो.

त्या शनिवारी असोद्याला गेलो, बायकोला सांगितलं. ती पहिलीच्या वर्गाची मास्तरीण. भाकरी थापताना तिचा हात थांबला. “मला माझ्या पोरांचा शिंकण्याचा आवाज ओळखू येतो हो,” ती म्हणाली. “पत्र टाकलंत?”

“सोमवारी टाकतो.”

पत्र मी लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, मराठीत लिहिलं. मान्य करणे या अर्थाचं क्रियापद मी दोन्ही भाषांत अचूक वापरलं. ते पत्र शब्दकोशात ठेवलं आणि शब्दकोश बंद केला. नोकरी, चौकशी, असोद्याजवळच्या एखाद्या शाळेत नवी नोकरी मिळवायची खटपट, अशी सगळी कारणं माझ्याजवळ होती आणि सगळी खरी होती.

मन खायला लागलं तेव्हा एका रविवारी असोद्याला न जाता सोनगीरला उतरलो. वर किल्ला, खाली हायवे, मध्ये चहाचं दुकान. चहावाल्याला विचारलं, “इथे सुनंदा नावाची नवी सून...”

“कोना घरनी?” तो म्हणाला. “गावमा पाच-सहा सुनंदा शेतस.”

घर मला माहीत नव्हतं. चहा प्यायलो आणि परत आलो. येताना गाडीत हलकं वाटत होतं. शोधून आलो ना! आता खरं सांगायला हरकत नाही. तिचं माहेर माझ्या खोलीपासून चार गल्ल्यांवर होतं. पत्ता शाळेच्या रजिस्टरमध्ये होता. तिथे मी गेलो नाही. सापडणार नाही तिथे शोधायला गेलो आणि सापडेल त्या गल्लीतून जाणं सोडलं. पुढची बारा वर्षं शाळेला जायला मी लांबचा रस्ता घेत होतो.

एक बदल मात्र केला. हजेरी नावाने घ्यायला लागलो, आणि प्रत्येक नावाला मान वर करून चेहरा बघायचो. पोरांना वाटलं सरांचे डोळे गेले. दहा मिनिटं हजेरीत जायची. मुख्याध्यापकांनी वेग कमी झाल्याबद्दल नाराजी कळवली. दर मार्चला आणि ऑक्टोबरला मी कारण नसताना फाटकाशी उभा राहायचो. पुन्हा बसणारे यायचे, जायचे. ती आली नाही. संध्याकाळी खोलीवर आलो की क्रियापद काढावंसं वाटेना. आठ नंबरचा डबा खायचा आणि त्या दिवशीचे चेहरे आठवत बसायचं, एकेक बाक करून. हा खेळ एकट्यानेच खेळायचा असतो. कोणाला सांगणार?

नव्वदच्या दशकातली बरीच वर्षं सरली होती. जून महिना, पाचवीचे प्रवेश. टेबलाशी आमचे कारकून आणि मी. एक बाई मुलीचा हात धरून रांगेतून पुढे आली. अंगाने भरलेली, केसांत पिठाचा पांढरा थर. मी मान वर केली आणि फॉर्म हातात घ्यायच्या आधी म्हणालो,

“विमल!”

मला त्या क्षणी काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. इतका निलाजरा असतो माणूस. बारा वर्षं शाळेच्या नोंदीतला तिचा फोटो मी घोकला होता, आता चेहरा पाठ झाला होता.

“हो सर,” ती म्हणाली. “आता सगळे सुनंदा म्हणतात.”

फॉर्मवर आईचं नाव सुनंदा, शिक्षण नववी पास. मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

“नंतर बसली नाहीस?”

“घरचे म्हणाले, तुझ्या मास्तरनेच सांगितलं ना ही आमची नाही. मग कशाला?” ती शांतपणे बोलत होती. “पिठाची गिरणी आहे घरची. ती बघते. हिच्यासाठी इथे खोली घेतलीय.”

“विमल, मी त्या दिवशी स्टँडवर आलो होतो. तुला शोधत. पेपरला वेळ होता अजून.”

“माहितीये.”

“म्हणजे?”

“मी तिथेच होते की. फलाटावर, गाठोड्यावर बसलेली. तुम्ही दोनदा माझ्या तोंडाकडे बघून पुढे गेलात.”

कारकुनाचं पेन थांबलं होतं.

“मग हाक का नाही मारलीस?”

“आमचे हे म्हणाले, मार हाक. मी म्हटलं, नको. भर हॉलमध्ये नाही म्हणाले. आता फलाटावर दुसऱ्यांदा नाही म्हणाले तर कुठे तोंड लपवू?”

रांगेत मागचे लोक चुळबुळ करायला लागले. काहीतरी केलं पाहिजे म्हणून मी मुलीकडे वाकलो. गाल आईच्या त्या फोटोतल्यासारखे. मी म्हणालो, “हिला मी ब तुकडीत घेतो. माझ्या वर्गात. मी स्वतः लक्ष देईन, विमल. अगदी जातीने.”

तिने माझ्या हातातला फॉर्म काढून घेतला आणि कारकुनासमोर ठेवला.

“भाऊ, हिला अ तुकडीत टाका. उद्या कोणी विचारलं तर ‘हो, ही आमचीच’ म्हणणारा एक तरी मास्तर पाहिजे पोरीला.”